भाड्याला द्यायच्या घराची घरभरणी

वन बीएचके फ्लॅटच्या घरभरणीला बेंजो लावायचा नसतो, हे दयाराम घरताला कुणी सांगायचं? सांगणारा एकच होता, त्याचा धाकटा भाऊ आनंदा. तो एकोणीस वर्षांपूर्वी उरण फाट्यावर कंटेनरखाली गेला. तेव्हापासून त्या घरात दयारामला दोन शब्द सुनावायची जागा रिकामी पडली ती पडलीच.

रविवारी सकाळी नऊलाच करंजाड्यातल्या त्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांडव उभा राहिला. शंभर खुर्च्या, बेंजोवाले सात, केटररची माणसं वेगळी. चेअरमन बिचारा आवाजाची तक्रार घेऊन खाली आला, तर दयारामनं त्याच्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि फोटो काढून घेतला. चेअरमन शाल पांघरूनच लिफ्टमध्ये शिरला. गव्हाणहून दोन टेम्पो भरून माणसं आली होती, आणि त्यातली निम्मी 'घर नक्की कुणाचं?' असं एकमेकांना विचारत होती.

घर समीक्षाचं होतं. आनंदाच्या मुलीचं. तिसऱ्या मजल्यावरच्या दारात ती उभी होती, नवी साडी नेसून, आणि तिच्या चेहऱ्यावर आनंद सोडून बाकी सगळं होतं.

तिला एवढंच हवं होतं की आईच्या हातून गॅसवर दूध उतू घालावं, गुरुजींनी तासाभरात पूजा उरकावी, आणि एक तारखेला चावी भाडेकरणीच्या हातात द्यावी. न्हावाशेव्याच्या एका गोदामाच्या ऑफिसात आठ वर्षं कंटेनरचे कागद रंगवून तिनं हा फ्लॅट घेतला होता, स्वतःच्या नावावर, बँकेचं कर्ज काढून. गणित साधं होतं. भाड्यातून हप्त्याचा मोठा भाग निघणार, उरलेला पगारातून. ती आणि आई गव्हाणला बंगल्याच्या मागच्या खोलीत राहत होत्याच, तशाच राहणार. भाडं आलं नाही तर हप्ते थकणार आणि सहा महिन्यांत फ्लॅट बँकेच्या घशात. हे सगळं तिनं घरात बसून काका-काकींना नीट समजावून सांगितलं होतं. आठ वर्षं ऑफिसात काढलेल्या पोरीनं एवढा भोळेपणा करू नये, पण केला. कुठं दाबलं की दुखेल ते तिनं स्वतःच दाखवून ठेवलं.

"समीक्षा, ह्यो बाथरूम का कपाट गो?" किशोरीकाकीनं दार उघडून आत डोकावत विचारलं. काकीच्या गळ्यात आज सगळं होतं, लॉकरमधलंसुद्धा.

"बाथरूम आहे, काकी."

"मना वाटलं झाडू ठेवाची जागा." काकीनं दार लावून घेतलं. "नाय, चांगला हाय. भाडेकरूला काय, एवढं पुष्कळ. आमच्या घरातली पोर भाड्यानं देवाला घर घेते, ही नवीन फॅशन. आपलं रावाचं घर परक्याला द्यायाचं आनी त्याच्या पैशावर हप्ता भराचा. लोकं इचारतात मना, किशोरी, तुमची परिस्थिती एवढी बिगडली काय?"

"चाळीतल्या खोल्यांचं भाडं तुम्हीच गोळा करता ना दर महिन्याला?"

"ती चाल हाय. ते घर नव्हं." काकी एवढं बोलून आत गेली, जसा काही मुद्दा निकालात निघाला.

समीक्षानं दात आवळले. चौदा खोल्यांची चाळ, त्यात बिहारपासून बंगालपर्यंतची माणसं, आणि पाणी सोडायची वेळ काकीच्या मर्जीवर. ते भाडं म्हणजे मिळकत. समीक्षाचं भाडं म्हणजे घराण्याला बट्टा. ह्या बाईला हे बोलताना हसू कसं येत नाही, याचंच तिला नवल वाटायचं. आणि ज्या बंगल्याच्या तोऱ्यावर काकी बोलत होती, तो उभा राहिला होता मिठागराच्या बदल्यात मिळालेला प्लॉट विकून. मिठागरात निम्मा वाटा आनंदाचा. वेणूनं, त्याच्या विधवेनं, दयाराम म्हणाला तिथं सह्या केल्या. दयारामनं बंगल्याला नाव दिलं 'आनंद निवास', हॉलमध्ये भावाचा हार घातलेला मोठा फोटो लावला, आणि भावाच्या बायकोला मागची खोली दिली, मागच्या दारासकट. पुढचं दार पाहुण्यांसाठी. बंगला झाल्यापासून वेणू मोरीच्या बाजूनं येत-जात होती.

खाली मांडवात दयाराम भावकीतल्या पाच जणांना सरबत पाजत होता. पांढरा कडक शर्ट, बोटात दोन अंगठ्या, आणि मांडीवर लाल कापडात गुंडाळलेला नारळ. तो नारळ तो खाली ठेवत नव्हता.

शैलेश, त्याचा मुलगा, खुर्ची ओढून जवळ बसला. "बाबा, टायमिंग बघा. ते उद्या सकाळी येतायत. टोकन घेतलंय मी."

"हलू बोल."

"मागची खोली आणि पडवी, दोन्ही सांगितलंय त्यांना. एअरपोर्टच्या कॅन्टीनचा माल ठेवणार. कॉर्पोरेट पार्टी आहे, बाबा. तीन वर्षांचं अॅग्रीमेंट. खोली रिकामी नसेल तर माझी इज्जत जाईल."

"तुजी जाईल तवा जाईल," दयाराम म्हणाला. "गप सरबत पी."

मुलाच्या घाईची त्याला चीड यायची. अक्कल नाही, नुसती गाडी. बाईमाणसाला ऊठ म्हणायचं नसतं, तिनं आपणहून उठावं अशी व्यवस्था करायची असते. आणि ती व्यवस्था किशोरीनं किती नामी काढली होती. घरतांच्या घरात एकवीरेचा नारळ देव्हाऱ्यात असतो. कुणी वेगळी चूल मांडली, की घरातल्या नारळाशेजारी दुसरा नारळ रात्रभर ठेवायचा आणि सकाळी मोठ्यानं तो वेगळं निघणाऱ्याच्या पदरात घालायचा, भावकीतल्या पाच जणांसमोर. म्हणजे देव वाटून दिला. ज्याला देव मिळाला त्याची चूल वेगळी, त्यानं त्या घरात राहायचं, रोज दिवा लावायचा. आणि देव बसलेल्या घरात परका माणूस ठेवायचा नाही.

दयारामनं हे परत परत मनात घोळवलं होतं. देव दिला की समीक्षाचं भाडं बुडालं, मागची खोली सुटली, आणि वर गावात नाव काय? तर दयारामनं भावाच्या पोरीची घरभरणी बेंजो लावून केली, देवसुद्धा दिला. शिवाय त्याला मनापासून वाटत होतं की तो चांगलंच करतोय. स्वतःच्या घरात राहायला कुणाला नको असतं? हप्त्याचं काय, पोर कमावती आहे, बघेल. त्याला खरंच वाटत होतं हे. तीच त्याची खुबी होती.

"पाचही जन वर चला," तो उठत म्हणाला. "तुमच्या डोल्यासमोर होऊ दे."

वर स्वयंपाकघरात वेणू ओट्यावर पुसलेलं पुन्हा पुसत होती. दूध उतू गेलं होतं सकाळीच. पातेल्याच्या कडेनं पांढरा ओघळ आला आणि शेगडीवर चरचरला, तेव्हा ती एकटीच होती तिथं. लोक हॉलमध्ये पंखा कोणत्या कंपनीचा ते बघत होते. ओटा काळ्या दगडाचा होता, तिच्या कमरेच्या बरोबर उंचीचा. गव्हाणच्या मागच्या खोलीत ओटा नव्हता. खोलीच्या कोपऱ्यात लोखंडी टेबल होतं, त्यावर शेगडी, आणि पाणी बाहेरून आणायचं.

घर कुठलं घ्यायचं, केवढं घ्यायचं, कुणाला द्यायचं, सगळं समीक्षानं ठरवलं होतं. ठरवून झाल्यावर तिनं आईला मोबाईलवर फोटो दाखवले होते. वेणू म्हणाली होती, चांगलं हाय. तिच्याकडून एवढंच अपेक्षित असतं हे तिला आता पाठ झालं होतं.

"वेणू, बस जरा," हौसाआत्या म्हणाली. दयारामची थोरली बहीण, चिरनेरला दिलेली, सत्तरी उलटली तरी जिभेला गंज नाही. ती एकटीच स्वयंपाकघरात पाट टाकून बसली होती. "बाहेर ती किशोरी बग, दागिने घालून फिरते. भाड्याच्या बैलाला सजवतात ना, तशी."

वेणूला हसू आलं, ते तिनं फडक्यात दाबलं.

तेवढ्यात समीक्षा एका तरुण मुलीला घेऊन आत आली. "आई, ही अनुया. एक तारखेला हीच येतेय राहायला. विमानतळावर आहे, चेक-इन काउंटरला. पडद्यांचं माप घ्यायला आलीये."

"सॉरी हं काकू, आज तुमचा कार्यक्रम आहे हे मला माहीत नव्हतं," अनुया संकोचून म्हणाली. ती मूळची मिरजेची, आणि खाली बेंजो बघून एकदा परत निघाली होती. "पाच मिनिटांत जाते. ही टेप जरा त्या टोकाला धरता का?"

वेणूनं टेपचं टोक बेडरूमच्या खिडकीच्या कडेला धरलं. पिवळी पट्टी सरसर उलगडत गेली आणि अनुयानं आकडा मोबाईलवर लिहून घेतला. "थँक्यू, काकू. माप घेतलं की कसं, जागा आपली वाटायला लागते."

वेणू टेपचं टोक धरून तशीच उभी राहिली.

पंधरा दिवसांपूर्वी शैलेश असाच टेप घेऊन तिच्या खोलीत आला होता. "काकी, जरा टोक धरा ना. टाइल्स बदलून देतोय तुम्हाला." त्यानं भिंत मोजली, पडवी मोजली, दाराची रुंदीही मोजली. टाइल्सला दाराची रुंदी कशाला लागते, हा प्रश्न तिला तेव्हा पडला होता. पण इतक्या वर्षांत कुणी तिच्या खोलीत खिळाही ठोकून दिला नव्हता. टाइल्स म्हटल्यावर ती हरखली. तिनं त्याला चहा करून दिला होता.

"ताय," स्वयंपाकघरात परत येऊन ती हळूच म्हणाली, "दादांच्या हातात लाल कापडात काय हाय?"

"नारळ. देव देतोय तुना." हौसाआत्या तिच्याकडे रोखून बघत होती. "तुना सांगितला नाय? मना वाटलं तुमचं ठरलंय. वेगली चूल मांडताव ना?"

"मना कोनी नाय इचारलं."

"मंग इतं रावाचं, आनी मागची खोली?"

वेणूनं टेपची गोष्ट सांगितली. आत्यानं ऐकून घेतली, तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं.

"माज्या बापसानं तुज्या चुलत सासऱ्याला देव दिला, तवा मी धा वर्सांची," ती म्हणाली. "दया सात वर्सांचा, माजा परकर धरून उभा. बापसानं नारळ हातात घेतला आनी पाच जनांसमोर बोलला, देवाबरोबर खालचं मिठागर देतंय आनी एक होडी देतंय. ते बोलल्याबिगर पदर पुढं करावाचा नसतो. नुसता नारळ दिला तर त्यो देव नाय, बाजारातला नारळ. त्याची चटनी करावी." ती थांबली. "त्यानंतर आपल्या घरात कोनी देव वाटलाच नाय. जमिनीच गेल्या, वाटनार काय. म्हनून इसरला असंल गाढव."

वेणूनं फडकं पिळलं, नळावर वाळत घातलं आणि हात कोरडे केले.

हॉलमध्ये पूजा संपत आली होती. गुरुजी पनवेलचे, घड्याळाकडे बघत होते. "आटपा, यजमान. मला साडेबाराला खांदा कॉलनीत पोचायचंय."

"एकच मिनिट, गुरुजी." दयाराम मधोमध उभा राहिला. पाच जण भिंतीला लागून, मागं दारापर्यंत माणसं, जिन्यातसुद्धा. त्यानं लाल कापड सोडलं. "मंडळी, माजा भाव आज असता तर त्यानं आपल्या हातानं ही घरभरणी केली असती. त्यो नाय, म्हनून मी करतंय. पोरीनं घर घेतलं, पन देवाबिगर घर म्हंजे गोदाम. म्हनून आज मी माज्या घरातला देव ह्या घराला देतंय. आजपासून ह्या दोघी आपल्या घरात, आपल्या देवाजवल, सुखानं रायतील."

लोकांनी माना हलवल्या. कुणीतरी मोबाईल वर धरला.

समीक्षाला दोन वाक्यांनी उशिरा समजलं. अनुया बेडरूमच्या दारात टेप हातात घेऊन उभी होती आणि तिच्याकडे बघत होती.

"काका, इथे आम्ही राहणार नाही आहोत," समीक्षा म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला. "तुम्हाला माहीत आहे. मी भाड्याने देतेय. ही एक तारखेला येतेय."

"देव बसल्यावर भाडेकरू?" किशोरीकाकी आधीच तयार होती. "आमच्या घरात असलं नाय चालत. काय गो पोरी," ती अनुयाकडे वळली, "तू बग दुसरीकडं कुठं. आमची चाल हाय ना, खोली देते तुना."

अनुयानं समीक्षाकडे बघितलं, आणि समीक्षाला तिच्या डोळ्यांत दुसरा फ्लॅट शोधायला लागलेली मुलगी दिसली. पाहिलेल्या अकरा भाडेकरूंत हीच एक धड होती. ही गेली की महिना गेला, आणि देव बसला की सगळेच गेले.

"पन नारळ घालाचा कुनाच्या पदरात?" भावकीतला एक जण विचारता झाला. प्रश्न साधा होता, आणि तो किशोरीच्या नामी योजनेत बसलेला नव्हता. "पोर आज ना उद्या लगीन करून जाईल. तिला घराचा देव देत नाय."

"आनी वेणूला..." काकी अडखळली. "विधवेच्या पदरात कसा घालाचा?"

"मंग काय गॅलरीत ठेवतेस?" हौसाआत्या स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

खुसखुस झाली. दयारामला ती खपली नाही. एवढी माणसं, बेंजो, मोबाईल चालू, आणि बायको मध्येच सोवळंओवळं काढून बसली. मोठेपणा दाखवायची वेळ त्यानं आयुष्यात कधी दवडली नव्हती.

"किशोरे, गप," तो म्हणाला, आणि आवाज जिन्यापर्यंत जाईल असा चढवला. "विधवा-बिधवा काय नाय. वेणू माज्या भावाच्या जागी हाय. आनंदा उभा असता तितं आज ती उभी हाय. पाच जन साक्षी. ये वेणू, पदर पुढं कर."

वेणू आली. तिनं पदर खांद्यावरून पुढं घेतला, पण दोन्ही हातांनी मुठीत धरून ठेवला. पसरला नाही.

"दादा," ती म्हणाली, "मी त्यांच्या जागी उभी हाय ना?"

"हाय."

"मंग देवाबरोबर त्यांचं काय देताव, ते बोला. मंग पसरते."

भिंतीला लागून उभ्या पाच जणांतला सगळ्यात म्हातारा होता, त्यानं हळूच मान डोलावली. त्याला आठवलं होतं. दयारामलाही आठवलं असणार, कारण त्याचं तोंड उघडं राहिलं. बहिणीचा परकर, बापाचा हात, खालचं मिठागर, एक होडी. सात वर्षांचा होता तो. ते शब्द बोलल्याशिवाय काकानं उपरण्याचा पदर पुढं केला नव्हता.

"काय काकी, आज शुभ दिवशी हे कुठे काढता?" शैलेश पुढं सरसावला. "देव मागितला की प्रॉपर्टी मागितली?"

"मी कायच मागितलं नाय, शैलेश," वेणू म्हणाली. "नारळ तुमी आणला. पाच जन तुमी बोलवलं. त्यांच्या जागी हाय म्हनून आत्ता तुज्या बापसानं सांगितलं." तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जिन्यातले लोक ऐकायला पुढं सरकले. "आनी टेप मी धरली होती बाबा. दार तीन फुटाचं भरलं. टाइल्स कधी घालतोस?"

शैलेशनं बापाकडं बघितलं. बापानं बघितलं नाही.

"बोल दया," हौसाआत्या म्हणाली. "बंगला निम्मा बोल, नायतर चाल निम्मी बोल. बोललास का वेणू पदर पसरेल, आनी बेंजोवाल्याला मी पैसे देते. नायतर नारळ घरी ने."

गुरुजींनी घड्याळ बघणं सोडून दिलं होतं. असली पूजा त्यांना पनवेलात रोज मिळत नव्हती.

दयाराम नारळाकडे बघत राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला होता, कडक शर्टाची कॉलर ओली झाली. बोललं तर पाच जणांसमोर निम्मं घर गेलं, मोबाईलमध्ये भरून. नुसता नारळ घातला तर हीच माणसं टेम्पोत बसून गव्हाणपर्यंत हसत जातील. खरं सांगायचं तर कीव करावी अशी माणसं बरीच असतात, पण दयाराम त्यातला नव्हता. त्यानं स्वतःच्या हातानं खड्डा खणला होता आणि वर मांडव घातला होता.

"दोन बायकामानसं," तो शेवटी म्हणाला, कुणाकडेही न बघता. "रोजची दिवाबत्ती, सोवलंओवलं... जमाचं नाय त्यांना. देव मोठ्या घरातच बरा."

"मंग ते बोल," आत्या म्हणाली. "काडलेला देव परत नेताना बोलावं लागतं. मना इचारू नको, तुना म्हायती हाय."

दयाराम पुटपुटला. "घर एक हाय."

"आयकू नाय आलं."

"घर एक हाय," दयाराम म्हणाला, आणि लाल कापड पुन्हा गुंडाळायला लागला. वाटणी नाही, म्हणजे वेणूची खोलीही आता रिकामी करून मागता येणार नव्हती, आणि ते पाचही जणांनी ऐकलं. गाठ त्याला एका दमात जमली नाही.

समीक्षानं अनुयाचा हात घट्ट धरला. "एक तारीख. नक्की." अनुयानं मान हलवली आणि टेप पर्समध्ये टाकली. खाली बेंजोवाल्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे ते वाजवतच होते.

जेवणं उरकून सगळे संध्याकाळी गव्हाणला परतले. शैलेशच्या मोठ्या गाडीत मधल्या सीटवर दयाराम मांडीवर नारळ घेऊन बसला होता, पायांत चप्पल नाही, कारण देव हातात असताना घालत नाहीत. त्याच्या एका बाजूला वेणू, दुसऱ्या बाजूला हौसाआत्या. पुढं किशोरी काचेबाहेर बघत होती. सगळ्यात मागच्या आडव्या सीटवर समीक्षा, पातेल्या आणि समया सांभाळत. उलव्याच्या पुढं आल्यावर शैलेशचा फोन दोनदा वाजला, त्यानं तो उचलला नाही.

बंगल्याच्या फाटकाशी गाडी थांबली. वेणू सवयीनं मोरीच्या बोळाकडे वळली.

"कुठं चाललीस?" आत्यानं तिचा दंड धरला. "ज्याच्यासाठी देव बाहेर काडला त्याला देवाच्या मागं घरात शिरावं लागतं. आनी देव मागच्या दारानं जात नाय."

दयाराम नारळ घेऊन पुढच्या पायऱ्या चढला. त्याच्या मागं वेणू. संगमरवरी पायरीवर तिनं रबरी चपला काढल्या, एकीचा पट्टा तारेनं बांधलेला, आणि किशोरीच्या सोनेरी सँडलच्या शेजारी नीट लावून ठेवल्या. किशोरीनं त्या बघितल्या.

"त्या मागं ठेव गो," ती म्हणाली.

हॉलमध्ये आनंदाचा फोटो होता. दयाराम त्याच्याखाली नारळ हातात घेऊन उभा होता. "असू दे," तो पाठमोराच म्हणाला. "तितंच असू दे."

मागच्या खोलीत आल्यावर समीक्षा पलंगावर आडवी पडली. अंगातलं सगळं बळ गेलं होतं, आणि तरी तिला हसू येत होतं. फ्लॅट वाचला, भाडं वाचलं, खोली वाचली. काकाचं ते तोंड तिला जन्मभर पुरणार होतं. तिनं आईकडं बघितलं. आई लोखंडी टेबलाशी वाकून चहा टाकत होती. कमरेत वाकून, कारण टेबल बुटकं होतं. हे समीक्षा रोज बघत होती.

"आई," ती उठून बसली. "तू मघाशी पदर पसरला असतास तर आपल्याला तिथं राहायला लागलं असतं."

"हां."

"तुला राहायचं होतं का तिथं?"

वेणूनं गॅस बारीक केला. "आता इचारतेस?"

मिळकत, हप्ता, कर, सोसायटीची वर्गणी, सगळ्याचा हिशेब समीक्षानं केला होता.

"त्या पोरीला सांग," वेणू चहा गाळत म्हणाली, "ओट्याच्या उजव्या कोपऱ्यात सकाली ऊन येतं. साडेसातपासून नऊपर्यंत. तितं कुंडीत कोथिंबीर लावली तर चांगली येईल."

"तुला कसं माहीत? आपण तर कधी सकाळी गेलो नाही तिथं."

"तू अंघोलीला जातेस तवा चावी पर्समदीच असते ना," वेणू म्हणाली. "तिची डुप्लिकेट करून घेतली, आनी तू लवकर कामाला गेलीस तवा तीनदा गेलते. ती डुप्लिकेट पन दे तिला, एक तारखेला."